हज्जीयाची नवरा

"मी हज्जीयाची नवरा आहे," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हा मी हातातली बॅग खाली ठेवली.

बहरीनमध्ये येऊन मला चार दिवस झाले होते. मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये बोटींच्या वायरिंगचं काम लागलं होतं आणि नईम मोहल्ल्यात खोली आहे असं कुडाळच्या सावंतने कळवलं होतं. म्हणून गेलो, तर दारात सहा फुटी म्हातारा अरब. अंगात पांढरा पायघोळ थोब, खिशाला तीन पेनं, एका पायात काळी चप्पल, दुसऱ्या पायात निळी. आणि तोंडात मराठी. आवाज चांगला खर्जातला होता. बायकी होतं ते व्याकरण.

"घाबरू नको. मी पुण्यात शिकले. गणित. तीन वर्षं एका बाईंकडे कॉट बेसिसवर राहिले."

त्या बाईंना तीन मुली होत्या आणि घरात पुरुष नव्हता. मराठी म्हणून जे कानावर पडलं ते सगळं बायकांचं. 'मी येते', 'मी जाते', 'मी दमले बाई' हे त्यांनी जसंच्या तसं उचललं आणि चाळीसहून जास्त वर्षं जपून ठेवलं. पुढे ओळख वाढल्यावर मी भीत भीत सांगितलं, की मास्तर, पुरुषाने 'येतो' म्हणायचं असतं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला, "नको. आता नवीन कुठे शिकते? आणि खुर्ची बाई आहे, पलंग पुरुष आहे, हे तुमच्यात कोणी सिद्ध केलं? मग मला कशाला पुरावा मागतो?"

त्यांचं नाव सांगत नाही. मी आता रत्नागिरीला परत आलो आहे, मला कोण विचारतं. पण ते तिथेच आहेत, आणि जे सांगणार आहे ते तिथे नावानिशी सांगायचं नसतं. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. खालच्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको, वर आम्ही सहा कोकणी. बायको हज करून आलेली, म्हणून सगळी गल्ली तिला हज्जीया म्हणायची. मुलगा आणि मुलगी परदेशात. घर मास्तरांच्या आईच्या नावावर. आई नव्वदीच्या पुढे, धाकट्या मुलाकडे राहायची.

मास्तरांना खोटं बोलता येत नसे. हा गुण म्हणून सांगत नाही, तो एक आजारच होता. खोली दाखवताना त्यांनी मला सांगितलं, की नळाचं पाणी खारट आहे, एसी म्हातारा आहे, समोरचा सुतार सहा वाजता करवत सुरू करतो, आणि मालक विचित्र आहे. "मालक कोण?" मी विचारलं. "मी," ते म्हणाले. "माझ्या तोंडून कळलेलं बरं." शाळेत असताना एका बड्या माणसाच्या मुलाला त्यांनी शंभरपैकी चार दिले होते. वरून निरोप आला, पुन्हा तपासा. त्यांनी पुन्हा तपासले आणि तीन दिले. एक मार्क आधी चुकून जास्त पडला होता म्हणे. मग त्यांची बदली लांबच्या शाळेत झाली. निवृत्तीपर्यंत रोज दोन बस बदलून जायचे, आणि त्याबद्दल कधी कुरकुर नाही. "उत्तर बरोबर होतं," एवढंच म्हणायचे.

अशा माणसाने वर्षातला एक महिना खोटं वागावं ही गंमत होती. रमजान लागला की आमची पाण्याची टाकी गळायला लागायची.

रोज दुपारी साडेबाराला मास्तर हातात पाना घेऊन जिना चढायचे. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात "टाकी! टाकी!" म्हणायचे आणि सरळ आमच्या स्वयंपाकघरात शिरायचे. सावंत एका हॉटेलात संध्याकाळच्या पाळीला कूक होता, त्यामुळे दुपारी घरी. तो मुकाट्याने कांदेपोह्यांची बशी पुढे करायचा. मास्तर गॅसच्या शेजारी उभ्याने खायचे, वर लिंबू पिळून मागायचे, मग आमच्या आरशात दातात कोथिंबीर अडकली आहे का बघायचे, पाना उचलायचे आणि उपाशी माणसाचा चेहरा करून खाली उतरायचे. बाहेर खाणं तिथे गुन्हा, आणि घरात हज्जीया. उरलो आम्ही. त्या चार गल्ल्यांत हिंदूंच्या स्वयंपाकघराइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती. तिथे कुणी डोकावतच नसे.

"पण मास्तर, हे खोटं नाही का?" मी एका शुक्रवारी विचारलं.

"मी कुणाला सांगितलं का, मी उपाशी आहे? मी 'टाकी' म्हणते. वर टाकी आहे की नाही?"

टाकी होती.

श्रद्धा कधी गेली, कशी गेली, असं विचारलं तर काहीतरी मोठी कथा निघेल असं मला वाटायचं. कुणी मेलं असेल, कुणी फसवलं असेल. त्यांनी डोकं खाजवलं. "बसमध्ये छत्री विसरते ना, तशी विसरले. घरी आल्यावर कळलं हातात नाही. कुठल्या बसमध्ये राहिली ते आठवत नाही. तक्रार कुणाविरुद्ध करू?" त्या विसरलेल्या वस्तूबद्दल त्यांच्या मनात राग नव्हता. पहाटेची बांग झाली की सूर कुठे चढला, कुठे घसरला हे ते आवडीने सांगायचे. मशिदीबाहेरच्या वाटसरूंच्या पाणपोईचा नळ बिघडला की दुरुस्तीला हेच. फक्त, जे पटत नाही ते पटतं असं म्हणायचं नाही.

आणि हज्जीयाला हे काही माहीत नाही अशी आमची सहा जणांची ठाम समजूत. ती पहाटे त्यांना उठवून खायला घालायची, संध्याकाळी बांग झाली की पहिला खजूर त्यांच्या हातावर ठेवायची. माझ्या तिसऱ्या रमजानात एकदा तिने सावंतला जिन्यात गाठलं. काळा अबाया नाकापर्यंत ओढून, तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "तुम नमक कम डालो. बाबा को प्रेशर."

सावंत वर आला तो पांढराफटक. "अरे, तिका सगळा म्हायत आसा," तो म्हणाला. त्या दिवसापासून पोह्यांत मीठ कमी पडायला लागलं. मास्तरांनी दोनदा तक्रार केली. सावंतने लिंबू जास्त पिळलं.

आमचीही ते खेचत. एकदा त्यांनी सावंतला विचारलं, "तुमच्यात सोडून जायचं असेल तर अर्ज कुठे करते?"

"आमच्यात अर्ज नाय, मास्तर. देवळात जाव नको, झाला."

"मग कोणी काही करत नाही?"

मीच सांगितलं. आमच्या गावात एका घराने गावकीचा शब्द मोडला होता, मुलाचं लग्न गावाला नको तिथे केलं होतं. गावाने त्यांना वाळीत टाकलं. विहिरीवर कुणी बोलेना, त्यांचा म्हातारा गेला तेव्हा खांदा द्यायला कुणी गेलं नाही. मास्तरांनी विचारलं, "तू गेला?" मी नाही म्हणालो. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, त्यांच्या मुलाबरोबर शाळेत एका बाकावर बसलेला होतो, आणि खिडकीतून बघत बसलो होतो. "हां," मास्तर म्हणाले, "म्हणजे तुमच्यात पण कोर्ट आहे. फक्त इमारत नाही."

मग मास्तरांची आई वारली.

घर आता दोघा भावांचं. धाकटा भाऊ गरीब स्वभावाचा, पण त्याचा मुलगा जागांचा ब्रोकर. गुळगुळीत दाढी, अत्तर, हातात जपमाळ, त्याच हातात दोन मोबाईल. त्याला घर पाडून फ्लॅट उठवायचे होते. मास्तर सही देईनात. "मी जन्मले ती खोली आहे. मी मेले की पाडू दे." पुतण्याने विनवण्या केल्या, मोठ्या माणसांना मध्ये घातलं, आणि मग त्याला कुणीतरी एक युक्ती सांगितली. इस्लाम सोडलेल्या माणसाला, म्हणजे मुर्तदाला, मुसलमान आईचा वारसा मिळत नाही. काका मुर्तद आहे एवढं ठरलं की सही लागतच नाही.

शरिया कोर्टाची नोटीस आली त्या दिवशी मी खाली होतो. मास्तरांनी चष्मा लावला, नोटीस वाचली, लाल पेनने तिच्यातल्या दोन व्याकरणाच्या चुका दुरुस्त केल्या आणि मला समजावायला बसले.

"जुन्या पुस्तकात असं आहे, की जो सोडते त्याला विचार बदलायला तीन दिवस द्यायचे. नाही बदलला तर मान उडवायची. इथे ते नाही, घाबरू नको, इथे मान राहते. पण बघ ना. तीन दिवस! मी तुम्हाला खोली खाली करायला एक महिना देते."

"मग इथे काय होतं?"

"घराची वाटणी जाते. उद्या मी मेले तर हज्जीयाला माझं काही मिळत नाही. आणि हज्जीया जाते."

"कुठे जाते?"

"कुठे नाही. तिथेच आत चहा करते. पण माझी बायको नसते. लग्न खलास. आपोआप. तिला विचारत पण नाही."

आतून कपबशीचा आवाज आला आणि थांबला.

पुतण्याला आता साक्षीदार हवे होते. त्याने मला गाडीत बसवून कॉफी पाजली. "भाई, सच बोलो, चाचा रमजान में खाना किधर खाता है?"

"टाकी का काम करने आता है," मी म्हणालो.

त्याने सावंतलाही विचारलं, तोही टाकीच म्हणाला. चार दिवसांनी पुतण्या पुन्हा आला आणि हताश होऊन आमच्या जिन्यावर बसला. वकिलाने त्याला सांगितलं होतं, की मुसलमान मुसलमान नाही हे ठरवायला हिंदूंची साक्ष चालणार नाही. आणि मास्तर पोटातलं बोलले होते ते फक्त आमच्याशी. साऱ्या बहरीनमध्ये त्यांच्या नास्तिकपणाचे सहा साक्षीदार, आणि सहाही कोकणातले, गळ्यात गणपती घालून फिरणारे.

"तुम लोग मुसलमान होते तो कितना अच्छा होता," तो म्हणाला. मग त्याच्या डोळ्यांत चमक आली. "हो जाओ ना. मुश्किल कुछ नहीं. एक जुमला बोलने का, खलास. सर्टिफिकेट मिलेगा, लोग दावत देंगे. मैं खुद लेके जाएगा."

सावंतला हे समजायला थोडा वेळ लागला. "म्हंजे," तो मला म्हणाला, "मी आत जावचा, ता ह्याच्या काकाक भायर काढूक?"

मास्तरांना हे कळल्यावर ते इतके हसले की ठसका लागला. मग एकदम गंभीर झाले. "जाऊ नको हां. ते दार आतल्या बाजूला उघडते. बाहेरच्या बाजूला कडी नाही, काही नाही, नुसती भिंत."

पुतण्याबद्दल आणखी एक सांगायला हवं. सावंतच्या हॉटेलात बार होता आणि दर गुरुवारी पुतण्या तिथे नेमाने यायचा. आम्हाला वाटलं, हा काकांच्या हाती हुकमी पत्ता आहे. मास्तरांनी मान हलवली. "दारू प्यायला की माणूस पापी होतो. मुर्तद होत नाही. पापी माणसाला वारसा मिळते. तो रोज प्यायला, आणि रोज 'मी चुकलो' म्हणाला, तर चालते. मी पीत नाही आणि काही म्हणत नाही, ते चालत नाही." हे त्यांनी फळ्यावर प्रमेय मांडावं तसं सांगितलं. चिडले नव्हते. त्यांना त्यातली मांडणी बघून खरोखर मौज वाटत होती.

मौज आम्हालाही वाटत होती, ती हज्जीया वर येईपर्यंत.

इतक्या वर्षांत ती कधी आमच्या मजल्यावर आली नव्हती. दारात उभी राहिली, आत आली नाही. मला अरबी निम्मं कळायचं, निम्मं तिने हिंदीत सांगितलं. तिचं म्हणणं एवढंच होतं. कोर्टात काझी त्यांना सरळ विचारणार, तू मुसलमान आहेस का. त्यांनी हो म्हणायचं आणि कलमा म्हणायचा. चार शब्द. लहानपणापासून हजारदा म्हटलेले. पण ते म्हणणार नाहीत. ते भाषण लिहीत बसले आहेत.

"उसको बोलो," ती म्हणाली, "अल्ला के लिए नहीं बोलने का. अल्ला का और उसका हिसाब अलग, वो दोनों देख लेंगे. मेरे लिए बोलने का." मग थोडं थांबून म्हणाली, "नहीं बोला तो मैं उसके सामने मुँह कैसे खोलेगी? पराया आदमी हो जाएगा. अडतीस साल के बाद. उसका गोली कौन देगा?"

मी खाली जाऊन सांगितलं. मास्तर खरोखरच लिहीत होते. अकरा पानं झाली होती, समास सोडून. "मला सांग," ते म्हणाले, "तीस वर्षं मी मुलांना सांगितलं, उत्तर पाठ करून लिहायचं नाही. पायऱ्या दाखवायच्या. आणि आता मीच पाठ केलेलं उत्तर देते?"

"हज्जीयासाठी, मास्तर."

"तिच्यासाठी मी काहीही करते. खोटं बोलत नाही." पण हे म्हणताना त्यांनी पेनाचं टोपण चुकीच्या पेनाला लावलं.

कोर्टाच्या दिवशी मी सुट्टी घेतली. मास्तरांना मोतीबिंदू झाल्यापासून ते गाडी चालवत नसत. गाडी मी चालवली, ते पुढे, हज्जीया मागे. चपला मात्र त्या दिवशी एका रंगाच्या होत्या. तिने घातल्या असणार. कोर्टात मला कुणी हटकलं नाही, मी मागच्या बाकावर बसलो. जे कळलं नाही ते नंतर गाडीत मास्तरांकडून कळलं.

काझी तरुण होता, त्याला सर्दी झाली होती. समोर फायलींचा ढीग. त्याने कागद चाळले आणि मास्तरांकडे बघून कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "हाज्जी, कलमा म्हणा आणि घरी जा. मला अजून बरीच कामं आहेत."

"मी हाज्जी नाही," मास्तर म्हणाले. "ही आहे."

"बरं. मग मुसलमान आहात ना?"

मास्तरांनी खिशातून अकरा पानं काढली आणि घसा साफ केला. पुतण्या बाकाच्या कडेवर पुढे सरकला.

तेवढ्यात हज्जीया उठली. "मी बोलते," ती म्हणाली.

"तुम्हाला कुणी विचारलेलं नाही, बाई."

"विचारा ना मग."

काझीने नाक पुसलं. "हे नमाज पढतात?"

"पढतात. घरी. पहाटे मी यांच्या मागे उभी राहते. अडतीस वर्षं." आणि काझीने शपथ घ्याल का म्हणायच्या आत तिने हात पुढे केला, कुराणावर ठेवला आणि शपथ घेतली.

ही बाई दारावर आलेल्या विक्रेत्याला "घरात कोणी नाही" असं सांगत नसे. आत जाऊन मास्तरांना विचारून यायची, घ्यायचं आहे की नाही. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी हातातले कागद खाली केले होते.

पुतण्या ओरडला, "खोटं! काकी खोटं बोलते आहे!"

काझीने पहिल्यांदाच मान नीट वर केली. "हज करून आलेल्या बाईने कुराणावर हात ठेवून खोटी शपथ घेतली, असं तुम्ही म्हणताय? साक्षीदार आहेत?"

पुतण्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"आणि तुम्ही?" काझीने मास्तरांना विचारलं. "तुमची बायको म्हणते ते खोटं आहे असं तुमचं म्हणणं आहे का?"

हो म्हणाले असते तर हज्जीया खोटी शपथ घेणारी ठरली असती, आणि त्याच क्षणी त्यांची बायकोही राहिली नसती. नाही म्हणाले असते तर आयुष्यातलं पहिलं खोटं. मग अकरा पानांची त्यांनी व्यवस्थित घडी घातली आणि म्हणाले, "साहेब, अडतीस वर्षांत हिचं म्हणणं मला एकदाही चूक सिद्ध करता आलेलं नाही."

आधी कारकून हसला, मग काझी हसला, हसता हसता शिंकला. हेच कबुलीचं उत्तर समजून त्याने लिहून घेतलं. प्रकरण निकाली. घर पाडायचं राहिलं. पुतण्या बाहेर जाताना काकीकडे बघून कडवट हसला. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घरी जेवायला बोलावलं. तो आला नाही.

गाडीत मास्तर चिडलेले होते. "तिसऱ्या पानावर फार चांगला मुद्दा होता," ते दोनदा म्हणाले. मी आरशात बघितलं, हज्जीया रडत होती.

त्यानंतर तिचं जेवण कमी झालं. खोटी शपथ ही साधी गोष्ट नव्हती. नवऱ्याला वाचवण्यासाठी तिने, तिच्या समजुतीप्रमाणे, स्वतःला घालवलं होतं. यावर उपाय काय हे एखाद्या जाणत्या मौलवीला विचारायचं, तर शपथ खोटी होती हे सांगावं लागणार, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. विचारायला तिला माणूसच नव्हता. एक सोडून.

मास्तरांनी तिच्या कपाटातली जाडजूड धर्माची पुस्तकं खाली काढली. पंधरा दिवस भिंग घेऊन वाचत होते. ज्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही त्यांतली टीप न् टीप त्यांनी बघितली, पेन्सिलीने खुणा केल्या. मग एका सकाळी जिना चढून वर आले, हातात पाना नव्हता.

"मला दहा गरीब पाहिजेत," ते म्हणाले.

"कशाला?"

"एक पुस्तक म्हणते, अशा शपथेला भरपाई नाही, फक्त पश्चात्ताप करायचा. दुसरं म्हणते, दहा गरिबांना पोटभर जेवण द्यायचं. मी दुसरं घेते. पश्चात्ताप मोजता येत नाही. दहा मोजता येतात."

"आम्ही चालतो का? आम्ही मुसलमान नाही."

"ते पण बघितलं. एक इमाम सांगून गेला, गरीब म्हणजे गरीब. फार हुशार माणूस. मी त्याच्याशी कधी भांडणार नाही."

वर आम्ही सहा होतो, चार जण मआमीर वस्तीतून बोलावले. सितऱ्याच्या कारखान्यांत पाइप फिटिंग करणारे, खेड-चिपळूणकडचे. गरीब दिसायला हवं म्हणून सावंतने गळ्यातली सोन्याची साखळी काढून उशीखाली ठेवली. एकाने नवं घड्याळ मोज्यात घातलं. शुक्रवारी दुपारी आम्ही खाली ओळीने बसलो. मासळीचा भात होता, वर तळलेला कांदा, बाजूला ताक. मास्तर वाढत होते, हज्जीया स्वयंपाकघराच्या पडद्याआड. ती आतून विचारायची, "भरलं का पोट?" आणि मास्तर मराठीत भाषांतर करायचे, "पोट भरल्याशिवाय उठायचं नाही. तशी अट आहे. अर्धं जेवलं तर मोजलं जात नाही." एका बाईचं पाप आम्ही दहा जण खात होतो, आणि खोटं कशाला सांगू, दुसऱ्यांदा भात मागून घेत होतो.

शेवटी ती पडदा सारून बाहेर आली. ओळीतल्या एकेकाकडे बघून तिने बोट करून मोजलं. प्रत्येकाने पोटावर हात ठेवून मान डोलावली. दहा झाले. तिने डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, आणि कितीतरी दिवसांनी तिचे खांदे खाली आले.

मग तिची नजर मास्तरांकडे गेली. वाढता वाढता ते जेवायचे राहिले होते. तिने परातीतला उरलेला भात एका ताटात घेतला, माशाचा काटा काढून दिला, ताट त्यांच्यासमोर ठेवलं आणि त्यांच्याच शेजारी बसली. आमच्यासमोर, तोंडावर अबाया न ओढता.

"बिस्मिल्ला म्हण आणि खा," ती म्हणाली.

आम्ही दहाही जण मास्तरांकडे बघत होतो. त्यांनी ताटाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"तू म्हण," ते तिला अरबीत म्हणाले. "मी खातो."

तिने म्हटलं. त्यांनी घास उचलला.